गोजू-ऱ्यू कराटे : उगम, परंपरा आणि वंशावळीचा प्रश्न

प्रास्ताविक

कराटेच्या बहुतेक प्रशिक्षण वर्गांत भिंतीवर एक तक्ता टांगलेला असतो. वरच्या टोकाला बोधिधर्म, त्याखाली चीनमधील शाओलिन विहार, त्याखाली एखादा चिनी गुरू, मग ओकिनावा बेटावरील दोन-तीन आचार्य आणि सर्वांत खाली त्या वर्गाचे प्रशिक्षक. या सर्वांना जोडणारी रेषा सरळ आणि अखंड असते. प्रस्तुत लेखक शालेय वयात काही वर्षे अशा एका वर्गात जात असे. पट्ट्याच्या परीक्षेपूर्वी हा तक्ता तोंडपाठ करावा लागे आणि त्यातील क्रम चुकल्यास गुण कापले जात. पुढे इतिहासाच्या एम.फिल.साठी साधनचिकित्सेचा अभ्यास करताना, पाठ केलेल्या त्या क्रमाला आधार कोणता, हा प्रश्न प्रथमच पडला. आज महाविद्यालयीन विद्यार्थी शारीरिक शिक्षणाच्या प्रकल्पांत हाच तक्ता जसाच्या तसा उतरवून आणतात, तेव्हा तो प्रश्न पुन्हा समोर येतो.

प्रस्तुत लेखात गोजू-ऱ्यू या एका पारंपरिक कराटे-शैलीपुरता हा प्रश्न तपासण्याचा प्रयत्न केला आहे. ‘गो’ म्हणजे कठोर, ‘जू’ म्हणजे मृदू. ‘ऱ्यू’ या शब्दाचा मूळ अर्थ प्रवाह असा असून विद्यापरंपरा, संप्रदाय या अर्थाने तो रूढ आहे. संगीतातील ‘घराणे’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. घराणे म्हटले की मूळ पुरुष आला, शिष्यशाखा आल्या आणि ‘खरा वारसा कोणाकडे’ हा वादही आला. हे तिन्ही गोजू-ऱ्यूच्या वाट्याला आले आहे. प्रचलित मांडणीनुसार या शैलीची वंशावळ अशी : चीनच्या फुजियान प्रांतातील फुजौ शहराचे ऱ्यू ऱ्यू को, त्यांचे शिष्य ओकिनावातील नाहा शहराचे हिगाओन्ना कानऱ्यो आणि त्यांचे शिष्य मियागी चोजुन. यांपैकी शेवटचा दुवा निःसंशय आहे. पहिला दुवा मात्र जितका तपासावा तितका सैल होत जातो आणि मियागी यांनी स्वतः केलेले लेखनच त्या सैलपणाची साक्ष देते.

बोधिधर्माविषयी थोडेसे

दक्षिण भारतातून चीनमध्ये गेलेल्या बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्षूंना युद्धविद्या शिकवली व तीच पुढे कराटे झाली, ही कथा भारतीय वाचकाला साहजिकच सुखावणारी आहे. तिचा आधार म्हणून ‘यीजिन्जिंग’ हा शरीरसाधनेवरील चिनी ग्रंथ पुढे केला जातो. परंतु हा ग्रंथ सतराव्या शतकातील असून त्याला प्राचीनत्व देण्यासाठी जोडलेल्या प्रस्तावनांत कालविपर्यासाच्या ढोबळ चुका आहेत, हे चिनी युद्धविद्येचे इतिहासकार तांग हाओ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिले. बोधिधर्माचा काळ पाचव्या-सहाव्या शतकातील मानला जातो. मधल्या हजार वर्षांत त्याच्या नावावर युद्धविद्या सांगणारा विश्वसनीय पुरावा मिळत नाही. तक्त्यातील सर्वांत वरचा चौकोन म्हणून येथेच बाजूला ठेवणे इष्ट. प्रेमाने जपलेली गोष्ट सोडून देणे अवघड असते, हे मान्य आहे. पण अभ्यासकाला त्या प्रेमाला पुराव्याची जागा देता येत नाही.

कुमे गाव आणि फुजौचा मार्ग

ओकिनावा हे आज जपानचे एक प्रांत-बेट असले, तरी १८७९ पर्यंत तेथे रिउक्यू नावाचे राज्य होते. १३७२ पासून या राज्याने चीनच्या मिंग सम्राटांशी मांडलिकत्वाचे व व्यापाराचे संबंध जोडले. परंपरेनुसार १३९२ मध्ये फुजियानमधील ‘छत्तीस कुळे’ नाहाजवळील कुमे या वसाहतीत येऊन राहिली. छत्तीस हा आकडा मोजून काढलेला नसून ‘अनेक’ या अर्थाचा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जहाजबांधणी, पत्रव्यवहार, दुभाषेपण, चिनी विद्या अशी कामे या कुळांकडे वंशपरंपरेने राहिली. १६०९ मध्ये जपानमधील सात्सुमा या सरदार घराण्याने बेटावर स्वारी करून राज्याला आपल्या अंकित केले, तथापि चीनशी चाललेला व्यापार त्यांना हवाच होता, त्यामुळे तो तसाच चालू राहिला. फुजौ शहरात रिउक्यूच्या लोकांसाठी स्वतंत्र निवासस्थान होते. दूत, व्यापारी, विद्यार्थी तेथे उतरत, महिनोन्महिने राहत आणि परत येत.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, तक्त्यात एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जाणारी जी बारीक रेषा दिसते, तिच्या जागी प्रत्यक्षात पाचशे वर्षांची रुळलेली वाट होती. त्या वाटेने भाषा आली, पंचांग आले, स्वयंपाकाच्या रीती आल्या. हातपाय चालवण्याची विद्या तेवढी एकाच माणसाच्या गाठोड्यातून आली असेल, असे मानण्यास कारण नाही.

याला एक ठोस पुरावाही उपलब्ध आहे. रिउक्यूचा शेवटचा राजा शो ताई याच्या राज्याभिषेकाला मान्यता देण्यासाठी चिनी सम्राटाचे दूत १८६६ मध्ये आले होते. त्यानिमित्त १८६७ मध्ये शुरी या राजधानीतील राजाच्या उद्यानगृहात कुमेच्या लोकांनी कलांचे सादरीकरण केले. त्या कार्यक्रमाची यादी उपलब्ध आहे. तीत नाटक-संगीताबरोबर युद्धविद्येचे काही प्रयोग नोंदलेले असून, त्यांत आराकाकी या दुभाष्याने सादर केलेली ‘तेरा पावले’ आणि अन्य एका अधिकाऱ्याने सादर केलेली ‘एकशे आठ पावले’ ही नावे आढळतात. गोजू-ऱ्यूमध्ये आज शिकवल्या जाणाऱ्या ‘सेसान’ (तेरा) आणि ‘सुपारिनपेई’ (एकशे आठ) या दोन कातांशी ती सामान्यतः जोडली जातात. ‘काता’ म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करावयाच्या हालचालींची रचना. पारंपरिक कराटेचे सारे ज्ञान तिच्यातच साठवलेले असते. हिगाओन्ना यांचा जन्म १८५३ चा. म्हणजे ज्या विद्येचे आगमन प्रचलित वंशावळ त्यांच्या चीनयात्रेवर सोपवते, त्या विद्येची किमान दोन प्रमुख नावे ते चौदा वर्षांचे असतानाच राजदरबारात सादर होत होती. तो दुभाषा म्हणजे आराकाकी सेइशो. तरुण हिगाओन्ना यांनी प्रारंभीचे शिक्षण त्यांच्याकडेच घेतले, असे परंपराच सांगते. तरीही तक्त्यांत आराकाकींना बहुधा जागा नसते.

हिगाओन्ना कानऱ्यो आणि ‘ऱ्यू ऱ्यू को’

हिगाओन्ना यांचे घराणे दर्जाने अभिजन, पण परिस्थितीने साधे. वडील केरामा बेटांवरून सरपण आणून नाहात विकण्याचा व्यवसाय करीत. कानऱ्यो फुजौला गेले, तेथे राहिले आणि परत येऊन शिकवू लागले, इतके निश्चित मानता येते. त्यापलीकडे मतभेद सुरू होतात. ते १८६०च्या दशकाच्या शेवटी गेले की १८७०च्या दशकात, मुक्काम तीन वर्षांचा होता की चौदा-पंधरा वर्षांचा, याविषयी वेगवेगळ्या शाखा वेगवेगळे सांगतात. हिगाओन्ना यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. ज्या आठवणी उपलब्ध आहेत त्या शिष्यांच्या व प्रशिष्यांच्या. गुरूने सांगितलेली गोष्ट शिष्याने पुढे सांगताना वर्षे वाढतात, संकटेही वाढतात. आपल्याकडील गुरुचरित्रपर लेखनाचा ज्यांना परिचय आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही.

ऱ्यू ऱ्यू को यांची ओळख हा या साऱ्या अभ्यासातील सर्वांत कुतूहलाचा भाग होय. हे पूर्ण नाव नसून ओकिनावी कानाने टिपलेले टोपणनाव असावे. ते कोणत्या चिनी अक्षरांत लिहीत, हेही परंपरेला ठाऊक नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही ओकिनावी अभ्यासकांनी फुजौला जाऊन शोध घेतला आणि ‘घोष करणारा बगळा’ या बगळा-मुष्टियुद्धाच्या उपशैलीचे प्रवर्तक श्ये चोंगश्यांग हेच ऱ्यू ऱ्यू को, असे मत मांडले. श्ये यांचे टोपणनाव उच्चाराने जुळते व व्यवसायाचा तपशीलही काहीसा जुळतो. परंतु त्यांचा जन्म १८५२ चा आहे. म्हणजे गुरू शिष्यापेक्षा अवघ्या एका वर्षाने मोठा ठरतो. हिगाओन्ना यांच्या आठवणींत मात्र गुरू वयस्क, आदरणीय अशा रूपात येतात. शिवाय श्ये यांच्या शैलीतील रचना आणि गोजू-ऱ्यूच्या काता यांत साम्य आहे ते तत्त्वांचे. हालचालींच्या क्रमाचे नाही. प्रस्तुत लेखकास ही ओळख शक्य वाटते, सिद्ध वाटत नाही.

येथे दोन समांतर परंपरांची साक्ष काढणे उपयुक्त ठरते. पहिली उएची-ऱ्यूची. उएची कानबुन हे ओकिनावाचे गृहस्थ १८९७ मध्ये फुजौला गेले आणि १९१० मध्ये परतले. त्यांचा हिगाओन्ना यांच्या शाळेशी संबंध नव्हता व गुरूही निराळे होते. तरीही त्यांनी आणलेल्या तीन कातांची नावे सानचिन, सेसान व सानसेरू अशी आहेत आणि हीच तीन नावे गोजू-ऱ्यूतही आहेत. दुसरी परंपरा ऱ्यूएइ-ऱ्यूची. नाकाइमा नावाच्या कुटुंबाने ती पिढ्यान्‌पिढ्या घरातच ठेवली. १९७० नंतर ती बाहेरच्यांना शिकवली जाऊ लागली. या कुटुंबाच्या कथेतही फुजौतील गुरूचे नाव ऱ्यू ऱ्यू को असेच येते. त्यांच्या संग्रहातही सानचिन, सेसान, सानसेरू आहेत. त्याखेरीज गोजू-ऱ्यूमध्ये मुळीच नसलेल्या अनेक रचना आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये (ते महामारीमुळे २०२१ मध्ये झाले) पुरुषांच्या काता प्रकारात सुवर्णपदक मिळवणारे ओकिनावाचे कियुना ऱ्यो याच परंपरेतील असून अंतिम फेरीत त्यांनी सादर केलेली ‘ओहान दाई’ ही रचना त्या घरगुती संग्रहातूनच आलेली आहे.

हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत एकमेकींशी संबंध न आलेल्या दोन प्रतींत समान आढळणारा पाठ जुना मानला जातो. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम ज्या तत्त्वावर उभे राहिले, तेच तत्त्व येथे शरीराच्या हालचालींना लावता येते. तीन स्वतंत्र वाटांनी आलेल्या परंपरांत सानचिन, सेसान, सानसेरू हे त्रिकूट समान आहे. म्हणून ते कोण्या एका गुरूची निर्मिती नसून एकोणिसाव्या शतकातील फुजौ परिसरातील मुष्टियुद्धाचा सामायिक पाया होता, असे अनुमान काढता येते. नावांची भाषाही हेच सुचवते. सेसान, सेइपाई, सानसेरू, सुपारिनपेई ही अनुक्रमे तेरा, अठरा, छत्तीस, एकशे आठ या संख्यांची नावे आहेत. ती प्रमाण जपानीत तशी उच्चारली जात नाहीत, त्यांचे ध्वनी फुजियानच्या बोलींशी जुळतात. एकशे आठ हा आकडा पाहून आपल्याला जपमाळ आठवते. बौद्ध परंपरेतून तो चीनमध्ये गेला हे खरे, मात्र त्यावरून युद्धविद्याही भारतातूनच गेली असा उलटा प्रवास करू नये.

मियागी चोजुन : वारसदार की रचनाकार?

मियागी चोजुन यांचा जन्म १८८८ मध्ये नाहातील एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी ते हिगाओन्ना यांच्याकडे आले. त्या काळच्या शिक्षणाची रीत कठोर होती : वर्षानुवर्षे सानचिन. ही रचना पाहणाऱ्याला अगदी साधी वाटते. पाय आत वळवून रोवायचे, पोट व पाठ ताठ ठेवायची, श्वासाच्या लयीवर सावकाश तीन पावले टाकायची व मुष्टी पुढे न्यायच्या. गुरू खांद्यांवर, मांड्यांवर, पोटावर तळहाताने आघात करून स्नायूंचा ताण तपासतो. जोडीला दगडी वजनांचा व्यायाम असतो. लाकडी दांड्याच्या एका टोकाला दगड बसवलेले ‘चि-इशी’ आपल्या तालमीतील गदेची आठवण करून देते. तोंडाच्या कडेला बोटांनी धरून उचलायचे जड रांजणही असतात. शब्दांत लिहून ठेवता न येणारी विद्या अशीच पुढे जाते. म्हणून कागदोपत्री पुरावा नसणे म्हणजे परंपराच नसणे, असेही म्हणता येत नाही. अडचण एवढीच की, शरीर काय शिकले हे सांगते, कोणाकडून शिकले हे सांगत नाही.

१९१५ मध्ये मियागी गुरूच्या विद्येचे मूळ शोधण्यासाठी फुजौला गेले. हिगाओन्ना यांचे निधन त्याच सुमारास झाले. चाळीसएक वर्षांत तेथे राजवट बदलली होती, माणसे पांगली होती. गुरूंच्या गुरूची शाळा त्यांना सापडली नाही. ही गोष्ट तक्त्यांत कधीच नसते. संस्थापक स्वतः मुळाच्या शोधात गेला आणि जवळजवळ रिकाम्या हाताने परतला, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण त्यानंतर मियागी यांनी जे केले ते जतन नव्हते, पुनर्रचना होती. नाहात स्थायिक झालेले फुजियानचे चहा-व्यापारी व बगळा-मुष्टियुद्धाचे जाणकार गोकेन्की यांच्याशी त्यांचा सहवास घडला. ‘बुबिशी’ या हाताने उतरवून घेतल्या जाणाऱ्या चिनी संग्रहाचा त्यांनी अभ्यास केला. मिंग काळात छापलेला याच नावाचा लष्करी ग्रंथ निराळा; दोहोंची गल्लत अनेक ठिकाणी झालेली दिसते. यातूनच १९२१ च्या सुमारास त्यांनी ‘तेनशो’ ही उघड्या तळहातांची, मृदू वळणांची काता रचली. सानचिनला तिची जोड मिळाल्यावर कठोर व मृदू अशी दोन अंगे स्पष्ट झाली. मूळ सानचिनचीही वळणे नसलेली आटोपशीर आवृत्ती त्यांनी तयार केली आणि आज अनेक शाखांत ‘हिगाओन्नांची’ व ‘मियागींची’ अशा दोन्ही सानचिन शिकवल्या जातात.

शैलीला नाव मिळाले ते तर बरेच उशिरा. १९३० च्या सुमारास टोकियोतील एका प्रात्यक्षिकात मियागी यांचे ज्येष्ठ शिष्य शिंझातो जिनआन यांना ‘आपली शाळा कोणती?’ असे विचारण्यात आले. ओकिनावात असा प्रश्न कोणी विचारत नसे, त्यामुळे त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. परतल्यावर त्यांनी ही अडचण गुरूच्या कानी घातली. मियागी यांनी ‘बुबिशी’तील मुष्टियुद्धविषयक आठ सूत्रांपैकी श्वासोच्छ्वासाचे वर्णन करणाऱ्या एका सूत्रातून ‘गोजू’ हे शब्द घेतले. १९३३ मध्ये क्योतोतील दाई निप्पोन बुतोकुकाई या सरकारमान्य युद्धविद्या संस्थेत या नावाची नोंद झाली. जपानच्या मुख्य भूमीवर तलवारबाजी, जूजुत्सू इत्यादींच्या प्रत्येक शाळेला नाव, मूळ पुरुष व वंशावळ असे. त्या साच्यात बसल्याशिवाय मान्यता मिळत नसे. अर्जातील एखादा रकाना रिकामा राहिला तर सारा प्रस्ताव परत येतो, हा अनुभव महाविद्यालयीन अध्यापकांना नवीन नाही. गोजू-ऱ्यूची वंशावळ आज ज्या नीटनेटक्या रूपात दिसते, त्या रूपाची गरज या काळात निर्माण झाली.

मियागी यांचा प्रामाणिकपणा येथे नोंदवला पाहिजे. १९३४ मध्ये लिहिलेल्या ‘कराटे-दो गाइसेत्सु’ (कराटेची रूपरेषा) या छोट्या निबंधात त्यांनी कराटेच्या उगमाविषयीच्या निरनिराळ्या उपपत्ती देऊन त्यांना भक्कम पुरावा नसल्याचे म्हटले आहे. स्वतःच्या शैलीविषयी ते सांगतात ते एवढेच की, १८२८ मध्ये फुजियानमधून एक शाळा ओकिनावात आली व तिच्यापासून गोजू-ऱ्यू निघाली. हे वर्ष हिगाओन्ना यांच्या जन्मापूर्वीचे आहे, पंचवीस वर्षे आधीचे! ज्या शिष्याने आपल्या गुरूवर निस्सीम श्रद्धा ठेवली, तोच लेखणी हातात घेतल्यावर विद्येचे मूळ गुरूच्या प्रवासाशी जोडत नाही. पुढच्या पिढ्यांनी मात्र जोडले. १८६७ च्या यादीशी हे विधान सुसंगत आहे, ही बाबही लक्षात घ्यावी.

नावातील बदल आणि १९३६ ची बैठक

‘कराटे’ या शब्दाचा इतिहासही याच प्रश्नाचा भाग आहे. पूर्वी हा शब्द ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहिला जाई. त्यातील पहिल्या अक्षराच्या जागी त्याच उच्चाराचे, ‘रिक्त’ या अर्थाचे अक्षर वापरावे, असा निर्णय २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा येथे भरलेल्या आचार्यांच्या बैठकीत झाला. बैठकीस मियागी यांच्यासह हानाशिरो चोमो, क्यान चोतोकु, मोतोबु चोकी, चिबाना चोशिन आदी उपस्थित होते. नवे अक्षर हानाशिरो यांनी १९०५ मध्येच वापरले होते आणि त्याला तात्त्विक अर्थही देता येतो. तथापि पुढच्याच वर्षी, जुलै १९३७ मध्ये जपान-चीन युद्ध सुरू झाले, हे विसरून या निर्णयाकडे पाहता येत नाही. अशा वातावरणात जपानी शाळांत शिकवल्या जाणाऱ्या विद्येच्या नावातच ‘चिनी’ हा शब्द असणे गैरसोयीचे होते. ओकिनावा प्रांतसभेने २००५ मध्ये २५ ऑक्टोबर हा ‘कराटे दिन’ म्हणून घोषित केला. शुरी-ते, नाहा-ते, तोमारी-ते ही गावांवरून पडलेली वर्गवारीही फार जुनी नाही. ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रूढ झाली. त्यापूर्वीच्या माणसांना आपण ‘नाहा-ते’ शिकतो आहोत, हे ठाऊक नव्हते. शालेय विद्यार्थ्यांसाठी मियागी यांनी १९४० मध्ये ‘गेकिसाई’ नावाच्या दोन सोप्या काता रचल्या. आज गोजू-ऱ्यू शिकणारे मूल बहुधा प्रथम गेकिसाईच शिकते. प्राचीन म्हणून त्याच्यासमोर ठेवलेली पहिली गोष्ट अशी एका शतकाचीही नसते.

युद्ध आणि शाखाभेद

एप्रिल ते जून १९४५ या काळात ओकिनावाच्या भूमीवर झालेल्या लढाईत बेटावरील नागरिकांपैकी सुमारे एक चतुर्थांश मरण पावले. शुरीचा राजवाडा नष्ट झाला, नाहा शहर त्यापूर्वी ऑक्टोबर १९४४ च्या हवाई हल्ल्यातच जळाले होते. राज्याची दफ्तरे, कुमेच्या कुळांचे कागद, घरोघरच्या नोंदी यांतील फार मोठा भाग गेला. मियागी यांनी या युद्धात पोटची मुले गमावली. ज्यांच्याकडे ते वारस म्हणून पाहत होते, ते शिंझातोही मारले गेले. ज्यांना कराटेच्या इतिहासातील दुवे का सापडत नाहीत असा प्रश्न पडतो, त्यांनी या चार वाक्यांपाशी थोडे थांबावे.

युद्धानंतर मियागी यांनी पोलिसांना आणि नाहातील त्सुबोया भागात आपल्या घराच्या अंगणात मोजक्या शिष्यांना शिकवले. ८ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी कोणालाही ‘दान’ श्रेणी दिली नव्हती, वारस म्हणून लेखी नियुक्तीही केली नव्हती. साहजिकच वृक्षाला अनेक फांद्या फुटल्या. मियाझातो एइइची यांचा जुनदोकान, यागी मेइतोकु यांचा मेइबुकान, तोगुची सेइकिची यांचा शोरेइकान, हिगा सेको यांची शाखा, मुख्य भूमीवर यामागुची गोगेन यांची गोजू-काई. अंगणातील त्या शेवटच्या वर्षांत कोण किती काळ उपस्थित होते आणि कोणाला कोणती काता पूर्ण शिकवली गेली, यावरचे वाद आजही शमलेले नाहीत. १९६३ मध्ये मियागी कुटुंबाने त्यांचा पोशाख व पट्टा यागी यांच्या स्वाधीन केला, ही गोष्ट एक शाखा निर्णायक मानते, इतर मानत नाहीत. या वादात निवाडा देण्याचा प्रस्तुत लेखकाचा अधिकार नाही. पण साक्षीदार हयात असताना, अवघ्या काही वर्षांतल्या घटनांविषयी जर एवढे मतभेद होतात, तर १८७०च्या दशकातील फुजौविषयी तक्ता दाखवतो तितका ठामपणा कोठून येतो?

हिगाओन्ना यांचे आणखी दोन शिष्य येथे उल्लेखनीय आहेत. माबुनी केनवा यांनी शुरीचे इतोसु आणि नाहाचे हिगाओन्ना या दोन्ही गुरूंच्या नावांतील पहिल्या अक्षरांवरून आपल्या शैलीला ‘शितो-ऱ्यू’ हे नाव दिले. क्योदा जुहात्सू हे मियागींहून वयाने एक वर्ष मोठे आणि त्यांच्याआधीचे शिष्य. त्यांनी ‘तोओन-ऱ्यू’ हे नाव घेतले, तेही गुरूच्या नावातील अक्षरे चिनी पद्धतीने वाचून. त्यांची परंपरा लहान राहिली. तिच्यात तेनशो नाही, गेकिसाई नाही, गोजू-ऱ्यूच्या इतर अनेक काताही नाहीत. एकाच गुरूच्या दोन निष्ठावंत शिष्यांच्या संग्रहांत इतका फरक असेल, तर गोजू-ऱ्यूमधील कोणती काता हिगाओन्ना यांच्याकडून आली आणि कोणती मियागी यांनी अन्य मार्गांनी मिळवली वा घडवली, हा प्रश्न खुलाच राहतो. सानचिन, सेसान, सानसेरू आणि सुपारिनपेई या चार कातांना भरीव आधार आहे. सेइपाई, शिसोचिन, कुरुरुनफा यांच्याविषयी तसे म्हणवत नाही.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी तक्ता काढायचाच असेल, तर तो पुढीलप्रमाणे काढता येईल. बोधिधर्म व शाओलिन हे चौकोन नकोत. वरच्या बाजूस व्यक्तीऐवजी ‘फुजौ परिसर, एकोणिसावे शतक’ आणि ‘कुमे वसाहत’ अशी दोन स्थळे असावीत. ऱ्यू ऱ्यू को यांचे नाव राहावे, पण त्यांच्यापासून निघणारी रेषा तुटक असावी आणि ती हिगाओन्नांकडे जशी येते तशीच नाकाइमा कुटुंबाकडेही जावी. आराकाकी सेइशो यांना त्यांची जागा मिळावी. मियागींकडे येणाऱ्या रेषा तीन असाव्यात : हिगाओन्ना, गोकेन्की व ‘बुबिशी’. त्यांच्या नावाखाली १९२१, १९३३ व १९४० ही वर्षे लिहावीत. या चुरगळलेल्या, फाटे फुटलेल्या आकृतीला भिंतीवर शोभा येणार नाही, हे खरे. आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी ती काढून आणली, तेव्हा पहिलाच प्रश्न असा आला की यात मधल्या रेषा पुसट का आहेत. तिने उत्तर देण्यास सुरुवात १८६७ च्या यादीपासून केली.